दोनशे तीन पोती

"मोजायला जाऊ नगं बाई. मोजणारा आला की गाव खरं बोलायचं इसरतं," असं रतनबाईंनी सुनेला सांगितलं होतं, आणि सुनेनं ते भाकरीच्या हातावरचं पीठ झटकावं तसं झटकून टाकलं होतं.

सून म्हणजे नूतन. सासर वरवे बुद्रुक, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, आणि कडेवर चौदा महिन्यांचा स्वरूप. रतनबाईंचं बोलणं काही हवेतलं नव्हतं. त्यांच्या सासऱ्यांनी म्हणे पशुगणनेला आलेल्या मास्तरांना दोन बैल कमी सांगितले होते आणि पुढच्या साली पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांना तेच बैल चार जास्त सांगितले होते. गोठा एकच, बैलही तेच.

"आई, मी बैल नाही मोजत. सिमेंट मोजते," नूतन हसून म्हणाली.

"मग शिमिट काय बैलांनी कालवलं?" रतनबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

नूतनचं काम समजावून सांगायला जरा वेळ लागतो, म्हणून तिनं ते घरात कुणाला समजावलंच नव्हतं. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत ती इमारतींचा कार्बन मोजायची. इमारत उभी राहून तिच्यात पहिला दिवा लागायच्या आधीच तिच्या नावानं कुठं कुठं धूर निघून गेलेला असतो. सिमेंटच्या भट्टीतून, लोखंडाच्या कारखान्यातून, वीटभट्टीतून, माल वाहणाऱ्या टेम्पोतून. काय माल लागला आणि तो कुठून आला हे कळलं, की त्या सगळ्या धुराचं वजन काढता येतं. एका सिमेंटच्या पोत्यामागं साधारण चाळीस किलो. पोतं पन्नास किलोचं.

विंझरच्या पुढं एका वाडीत पुण्याच्या एका संस्थेनं अंगणवाडी बांधली होती. एक मोठी खोली, पुढं व्हरांडा, आजूबाजूचाच दगड, वर स्लॅब. सगळा धूर मिळून अकरा टनांच्या आत बसला तर ती 'कमी कार्बन इमारत', आणि पुढच्या वाड्यांमध्येही तशाच बांधायच्या. संस्थेला इतकी खात्री होती की तसा बोर्ड रंगवून दाराशी लावूनही झाला होता. मोजायचं तेवढं राहिलं होतं.

नूतनच्या वरिष्ठ शेफाली मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या, "हे बघ, तुझा हा पहिला स्वतंत्र रिपोर्ट आहे. बाहेरचे परीक्षक तपासणार. एका फटक्यात पास झाला, तर तू तिकडूनच काम करत राहा, बाळ घेऊन फिर, माझी काही हरकत नाही. परत आला तर मात्र जुलैपासून रोज ऑफिसला यावं लागेल. मला वर उत्तर द्यायचं असतं गं."

रोज ऑफिसला म्हणजे जाऊन-येऊन चार तास आणि मधले नऊ. स्वरूप बाटलीला तोंड लावत नव्हता. आईच्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय झोपत नव्हता. आणि नूतन तरी काय, त्याच्या घशातून वरणभाताचा घास नीट उतरला की नाही हे मान वाकडी करून बघणारी बाई. तो झोपला की त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची. एक ते वीस. मग खात्रीसाठी परत एक ते वीस. आणि इथं रोज तेरा तास त्याच्यापासून लांब राहायचं होतं.

तेव्हा हा रिपोर्ट पास व्हायलाच हवा होता.

एप्रिलच्या एका सकाळी तिनं नसरापूरहून वेल्ह्याची एसटी पकडली. एका खांद्याला टॅबलेटची पिशवी, दुसऱ्या खांद्याला स्वरूपची. दुसरी पहिलीच्या तिप्पट.

अंगणवाडीच्या व्हरांड्यात गोरख गवंडी येऊन बसलेच होते. साठीकडं झुकलेले, अंगानं बारीक, धुतलेला सदरा, टोपी कडक. पुण्याहून कुणीतरी काम तपासायला येणार एवढंच त्यांना कळलेलं. शेजारी अंगणवाडीची मदतनीस रत्ना, तिच्यामागं वाडीतल्या पाच-सहा बाया, आणि पायरीवर माल वाहणारा भोरचा टेम्पोवाला खालिद.

"बसा, इंजिनेरबाई," गोरख म्हणाले. "इचारा. काय लपवायचं न्हाई आपल्यात."

"मामा, सिमेंट किती लागलं?"

गोरखांनी खांबाकडं पाहिलं, स्लॅबकडं पाहिलं, मग बायांकडं पाहिलं.

"चारशे पोती."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. या भागात घर कसं आहे हे विचारायचं नसतं, किती पोती गेली हे विचारायचं असतं. शंभर पोत्यांच्या घरात मुलगी द्यावी की नाही यावर विचार होतो, दोनशेवाल्याकडं विचार न करता देतात. आणि ज्या गवंड्याच्या हातून जास्त पोती गेली तो जास्त मोठा गवंडी. चारशे म्हणजे गोरखांनी या एका खोलीत दोन बंगले घातले होते.

नूतननं टॅबलेटवर चारशे लिहिलं. पडद्यावरचा आकडा टुणकन उडाला.

"लोखंड?"

"चार टन."

"चार?"

"कमीच सांगितलं. खालिद, व्हय का न्हाई?"

"माझ्या टेम्पोचे चाकांवरचे पाटे वजनानं बसले, ताई," खालिद मनापासून म्हणाला. "आजून सरळ झालं न्हाईत."

"आणि ही खालची फरशी?"

"राजस्थान!" मागून रत्नाच ओरडली. "ट्रकनं आली थेट. पोरांच्या पायाला गार लागती."

नूतननं फरशीकडं पाहिलं. तिच्या सासरच्या मोरीत हीच फरशी होती, आणि ती भोर रस्त्यावरच्या दुकानातून दुचाकीवर आली होती. पण समोर इतके चेहरे इतक्या आनंदात होते की तिनं निमूटपणे राजस्थान लिहिलं. आकडा सत्तावीस टनांवर गेला, त्याच्यामागचा रंग हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लालभडक झाला.

गोरख पुढं वाकून बघत होते. "लाल झालं. म्हंजी सगळ्यात वर गेलं न्हवं?"

"हो, वर तर गेलं..."

"पयला नंबर आला का?"

रत्नानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून स्वरूपनंही वाजवल्या. कुणीतरी चहा ठेवायला पळालं.

तो चहा पिता पिता नूतननं सगळ्यांना खरी गोष्ट सांगितली. आकडा जितका कमी तितकं चांगलं. प्रत्येक पोत्यामागं चाळीस किलो धूर. अकरा टनांवर गेलं तर नापास.

गोरख चहा फुंकायचे थांबले.

"धुराला वजन आस्तंय?" गोरखांनी विचारलं. "कुठल्या काट्यावर घालता?"

"काट्यावर नाही मामा, गणितानं काढायचं."

"गणितानं," गोरख म्हणाले, आणि त्यांनी कप हळूच खाली ठेवला. "आन ह्ये आदी सांगायचं न्हाई व्हय?"

नूतन म्हणाली, "मी परवा परत येते. तुम्ही नीट आठवून ठेवा. मालाच्या पावत्या असतील तर फारच बरं."

घरी आल्यावर रतनबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "किती बैल निघालं?"

दोन दिवसांनी ती गेली तेव्हा तीच माणसं तशीच बसली होती, पण अंगणवाडी वेगळीच होती. नूतननं स्वरूपला फरशीवर सोडलं, टॅबलेट उघडला.

"सिमेंट?"

"साठ पोती," गोरख म्हणाले. "त्यातली चार दगड झालेली. म्हंजी छप्पन."

"लोखंड?"

"हाय थोडं. खिडकीला."

"मामा, स्लॅबमध्ये लोखंड नाही?"

"स्लॅब लई हलका हाय."

"आणि भिंतीचा दगड कुठून आणला?"

"हितंच पडला हुता," रत्ना म्हणाली. "आमी नुसता उचलून एकावर एक ठेवला. धूर कसला म्हणून न्हाई बाई, चूलसुदिक पेटवली न्हाई आमी तवा."

नूतननं खालिदकडं पाहिलं. "खालिदभाई, टेम्पोच्या फेऱ्या किती झाल्या?"

"दोन, ताई."

"परवा पाटे बसले म्हणालात."

"बसले, पन डिझेल न्हाई लागलं. नसरापूरपास्नं चढ लागला की मी गाडी आशी चालवतो का, तिला वाटतंय उतारच हाय." मग त्यानं खिशातून पावत्यांचा गठ्ठा काढून दिला. "आन ह्या पावत्या. तुमी मागितल्या हुत्या न्हवं."

पावत्या पांढऱ्याशुभ्र होत्या. मशीनमधून निघणारा तो गुळगुळीत कागद खालिदनं तीन महिने टेम्पोच्या काचेखाली उन्हात ठेवला होता, आणि अक्षर अक्षर उडून गेलं होतं. एकीवर नुसतं 'आभारी आहोत' उरलं होतं.

टॅबलेटनं साडेतीन टन दाखवले. लखलखीत हिरवे. साडेतीन टनांत ही इमारत कागदाचीसुद्धा झाली नसती. हा आकडा परीक्षकांकडं गेला तर हसून परत येणार, आणि सत्तावीस गेला तर न हसता परत येणार. नूतनला जुलै महिना डोळ्यांसमोर दिसायला लागला. स्वारगेटची गर्दी, पाझरून ओला झालेला ब्लाऊज, आणि घरी स्वरूप कुणाची तरी कानाची पाळी शोधतोय.

"मामा," ती म्हणाली, "खरा आकडा नाही मिळाला तर मला याला सोडून रोज पुण्याला जावं लागेल."

याला म्हणून तिनं हात केला, तर फरशीवर स्वरूप नव्हता.

पुढचं अर्धं मिनिट नूतनला नीट आठवत नाही. विहीर आठवली, सापाचं बीळ आठवलं, एसटीचा रस्ता आठवला. ती अनवाणी पळाली. शेजारी रत्नाचं घर, घराच्या बाजूला नहाणी, नहाणीला पडदा, आणि पडद्याची कड तोंडात घालून स्वरूप शांतपणे चावत बसलेला.

"अरे, थू कर! थू!" तिनं त्याच्या तोंडात बोट घातलं, जीभ पुसली, हिरड्या पुसल्या. मग काय चावलं ते बघायला पडदा हातात धरला. पांढरा, विणलेला, चार-चार तुकडे जोडून सुतळीनं शिवलेला. त्यावर अर्धा छापलेला वाघ आणि खाली बारीक आकडे.

सिमेंटची पोती होती. रिकामी.

"रत्ना, ही कुठली गं?"

"आपल्या अंगणवाडीची की! रिकामं पोतं कोन टाकून देतंय? गोरखमामा सांच्याला झटकून वाटायचं सगळ्यांना. मला नऊ मिळाली. त्या कोपऱ्यावरल्या शांताला बारा, ती मामांची भाची लागती म्हणून."

नूतननं पोतं उलटंपालटं केलं. बारीक आकडे म्हणजे कारखान्यातला आठवडा आणि साल. बांधकाम जानेवारी ते मार्च चाललं होतं. म्हणजे त्या आठवड्यांची पोती या अंगणवाडीची, बाकीची कुणाच्या तरी घराची. माणसं चारशे सांगतील नाहीतर छप्पन. पोत्याला बढाई माहीत नाही आणि भीतीही.

त्या दिवसापासून तीन दिवस नूतन वाडीतली पोती मोजत फिरली. कडेवर स्वरूप, हातात खडू. मोजलेल्या पोत्यावर फुली. रत्नाच्या नहाणीत नऊ. शांताच्या शेणी झाकायला बारा. कुणाच्या गव्हाच्या कणगीखाली, कुणाच्या म्हशीच्या पाठीवर, कुणाच्या गादीत कापसाऐवजी. एका घरात बाईनं पोत्याची झकास बाजाराची पिशवी शिवली होती, तिच्यावरचा आठवडा नेमका शिवणीत गेलेला. नूतननं ती उसवायची परवानगी मागितली. बाई म्हणाली, "उसवा, पन परत शिवून तुमी द्यायची." नूतननं शिवून दिली. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत न आलेली धावदोऱ्याची शिलाई तिला वाडीत आली.

आता नवीच अडचण झाली. बायांमध्ये चढाओढ लागली. ज्यांना कमी पोती मिळाली होती त्या गोरखांकडं जाऊन भांडायला लागल्या.

"हिला बारा आन मला तीन? माझा नवरा तुमच्याकडं पाणी मारायला हुता, मामा!"

"आगं, पोती रिकामी हुती."

"रिकामी काय न भरलेली काय, मान हाय का न्हाई?"

गोरखांना अंगणवाडी बांधताना झाला नव्हता इतका त्रास ती मोजताना झाला.

सगळ्यात मोठं प्रकरण कोंडिबातात्यांचं होतं. तात्यांनी गवताच्या गंजीवर घालायला एक भलंमोठं पांघरूण शिवलं होतं, अख्खं पोत्यांचं. ते खाली उतरवल्याशिवाय मोजता येईना. तात्या म्हणाले, "उतरवा, पन माझ्या गवताला ऊन नगं लागाय." एप्रिलमध्ये ऊन न लागता गंज उघडायची म्हणजे काय, हे कुणालाच कळलं नाही. शेवटी चौघांनी चार टोकं धरून पांघरूण हवेत तसंच वर धरलं आणि नूतन त्याच्याखालून, उजेडाकडं बघत, मान मोडेस्तोवर शिवणी मोजत गेली. एकोणसाठ. तेवढ्यात तात्यांच्या दोन म्हशींनी उघड्या गंजीला दोन्हीकडून तोंड लावलं. तात्या ओरडले, चौघांनी टोकं सोडली, आणि पांघरूण नूतनवर, म्हशींवर आणि एकोणसाठ या आकड्यावर पडलं. आतून स्वरूपच्या हसण्याचा आवाज आला म्हणून बरं.

तिसऱ्या दिवशी बेरीज झाली. दोनशे तीन.

नूतन अंगणवाडीच्या पायरीवर बसली आणि पिशवीतले नकाशे बाहेर काढले. नकाशाप्रमाणं सिमेंट लागायला हवं होतं एकशे साठ पोती. त्रेचाळीस जास्तीची. तिनं दोनदा मोजलं, मग सवयीनं तिसऱ्यांदा.

गोरख शेजारी येऊन बसले. आज बाया नव्हत्या.

"मामा, त्रेचाळीस पोती कुठं गेली?"

गोरखांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेली न्हाईत. हायत हितंच." त्यांनी वर बोट केलं. "कागदावर स्लॅब चार इंची हुता. म्या पाच केला. आन दारंखिडक्यांच्या वरनं चारी भिंतींना पट्टा फिरवला, सळया घालून. थोडी वाया जातील म्हणून संस्थेनं जास्तीची पोती दिली हुती. म्या म्हणलं, वाया कशाला घालायची."

"पण विचारलं नाही तुम्ही कुणाला."

"कुनाला इचारू? तुमचा सायेब आला का वाडीत? कागद आला." मग जरा थांबून म्हणाले, "दुपारचं पंचवीस पोरं निजत्यात हितं. वळीनं. उताणी. वर बगत बगत डोळा लागतो त्यांचा. घरी मला भाकरी ग्वाड लागाया पायजे का नगं?"

नूतननं वर पाहिलं. त्या वेळी स्वरूप बरोबर त्या स्लॅबखाली, खोलीच्या मधोमध उताणा पडून स्वतःचा पाय तोंडात घालायच्या खटपटीत होता. इंजिनिअर म्हणून तिला माहीत होतं की चार इंच पुरेसे होते. आई म्हणून तिला वाटलं, सहा केला असता तरी चाललं असतं.

तिनं आकडे घातले. दोनशे तीन पोती, जास्तीच्या सळया, खालिदनं आता कबूल केलेल्या एकवीस फेऱ्या. बारा टन. अकराच्या वर. रंग लाल, पण पहिल्या दिवसाइतका भडक नाही.

"नापास?" गोरखांनी विचारलं.

"एका टनानं."

"मग एकशेसाठच लिव्हा की. कागदाबरहुकूम. कोन येतंय गोदड्या उसवायला? तुमचा सायेब खूश, संस्था खूश, बोर्ड बी ऱ्हातोय. आन ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाईल." ह्यो म्हणजे स्वरूप. वाडीला सगळं ठाऊक होतं.

आणि खरोखर, तेच सगळ्यात सोपं होतं. एकशे साठ लिहिलं असतं तर नकाशाशी जुळलं असतं, परीक्षकांनी भुवईसुद्धा उचलली नसती. नूतननं एक, सहा, शून्य असं टाइपही केलं. मग तिचं लक्ष परत स्वरूपकडं गेलं. त्याच्या डोक्यावर जे जास्तीचं इंचभर काँक्रीट होतं ते नव्हतंच, असं तिनं तिच्याच हातानं लिहायचं होतं. ते काही तिला जमलं नाही. का जमलं नाही हे तिला मॅडमना सांगता आलं नसतं, आणि नवऱ्याला तर नाहीच.

तिनं खोडलं, आणि दोनशे तीन लिहिलं.

परीक्षकांचा व्हिडिओ कॉल पंधरा दिवसांनी, सकाळी अकराला आला. वयस्कर गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. नूतननं अंगावर बरा कुर्ता घातला होता, मांडीवर स्वरूप होता तो पडद्यात दिसू नये म्हणून टॅबलेट उंच ठेवला होता. दर दोन मिनिटांनी एक छोटा हात खालून वर यायचा आणि तिचा कान शोधायचा.

"सिमेंट दोनशे तीन पोती," परीक्षक म्हणाले. "पावत्या नाहीत. नकाशात एकशे साठ. मग दोनशे तीनला पुरावा?"

"परिशिष्टात आहे, सर."

त्यांनी परिशिष्ट उघडलं. बराच वेळ ते नुसते खाली सरकवत राहिले. "हे काय आहे?"

"नहाणीचा पडदा, सर. नऊ पोती."

"आणि हे?"

"गवताच्या गंजीचं पांघरूण. एकोणसाठ. आठवड्याच्या छाप्याचे फोटो शेजारी आहेत."

"यात म्हैस आहे."

"हो सर. ती मोजलेली नाही."

शेफाली मॅडम कॉलवरच होत्या. त्यांचा चौकोन एकदम काळा झाला, बहुधा त्यांनीच कॅमेरा बंद केला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बावीस वर्षं मी असे अहवाल तपासतोय. ठेकेदाराच्या पावतीवर विश्वास ठेवायची वेळ बहुतेकदा येते, आणि तेव्हा मला झोप लागत नाही. हा पास करतो मी. इमारत मर्यादेच्या वर आहे हे वेगळं. अहवालात काही खोट नाही."

नूतननं टॅबलेट बंद केला आणि स्वरूपला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला. मॅडमचा मेसेज आला: 'घरूनच कर. म्हैस काढून टाक.' रतनबाईंनी गूळशेंगदाण्याचा लाडू दिला आणि म्हणाल्या, "म्या म्हणलं हुतं, मानसं खरं सांगत न्हाईत. पोत्यांचं कुठं म्हणलं हुतं?"

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण अहवाल पास आणि इमारत नापास यातला फरक नूतनला कळतो, मॅडमना कळतो, परीक्षकांना कळतो. वाडीत फक्त एवढंच पोचलं की संस्थेची माणसं आली, दाराशी लावलेला 'कमी कार्बन इमारत' हा बोर्ड उतरवला आणि गाडीत घालून घेऊन गेली. कशामुळं? गोरखमामांनी जास्त माल घातला म्हणून. आता विंझरच्या चहाच्या दुकानात त्यांना बघितलं की कुणीतरी म्हणतं, "काय मामा, आज किती धूर?" आणि सगळे हसतात. वाईट मनानं नाही, पण हसतात.

नूतननं अहवालात शेवटी दोन ओळी घातल्या आहेत. जाड स्लॅब आणि चारी बाजूंचा पट्टा यामुळं ही इमारत दुप्पट वर्षं टिकण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर वर्षामागं तिचा कार्बन नकाशातल्या इमारतीपेक्षा कमीच पडेल. परीक्षकांनी त्या ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली. पण ते गोरखांना कोण सांगणार? नूतननं तेच सांगायला फोन केला, तर तिचं ऐकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाई, दोन हजार चार साली शाळेच्या खोल्या बांदल्या, तिथं साडेतीनशे गेली आस्तील. त्येचा धूर किती?" दुसऱ्या दिवशी फोन आला, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपाचा किती. तिसऱ्या दिवशी त्यांच्या स्वतःच्या थोरल्या मुलीच्या घराचा. ते आयुष्यभराची पोती आठवून आठवून मोजत होते, आणि प्रत्येक वेळी नूतन म्हणायची, "मामा, सोडा ना ते," आणि ते म्हणायचे, "न्हाई, कळाया पायजे."

मग फोन यायचे थांबले. आता लावला तर बंद लागतो. रत्ना सांगते, दोन कामं चालून आली होती, दोन्हीला नाही म्हणाले. ते गेलेच नाहीत कुणाच्या पायाभरणीला. नूतन स्वतः जाणार होती, पण स्वरूपच्या दोन दाढा एकदम येताहेत, ताप चढउतार करतोय, आणि तापातल्या लेकराला घेऊन एसटीनं जायचं तिचं धाडस होत नाही.

म्हणून नूतनचं तुमच्याकडं एक काम आहे. तुम्ही तोरण्याला निघाला असाल किंवा वेल्ह्याच्या बाजाराला, विंझर ओलांडलं की पुढं उजवीकडं वाडीला रस्ता जातो. आंब्याचं झाड आणि त्याच्या पलीकडचं निळ्या दाराचं घर, गोरख गवंडी म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. काही मोजायला आलोय असं म्हणू नका. पाणी मागा. दाराशी बादलीत त्यांची थापी ठेवलेली असते. तिच्यावर ओलं सिमेंट असेल तर काहीच बोलू नका, पाणी प्या आणि पुढं जा. कोरडी असेल, गंज धरायला लागली असेल, तर जरा बसा त्यांच्यापाशी. त्यांना सांगा की दुपारी पंचवीस पोरं तिथं उताणी झोपतात, आणि नूतननं विचारलंय, सध्या कुठं काम चालू आहे?